यौवनलोपी ग्रंथीचे वाटे

कामाच्या आठवणी निवृत्तांनी लिहाव्यात असा एक संकेत आहे, आणि तो सोयीचा आहे. त्यांना निवृत्तिवेतन असते आणि ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे बहुधा भांडायला येण्याच्या अंतरावर नसतात. माझ्याकडे या दोन्ही सोयी नाहीत. माझी नोकरी कंत्राटी आहे, आणि या लेखातील सगळी माणसे धडधाकट असून त्यांच्याकडे माझा फोन नंबर आहे. तरीही संपादकांनी आग्रह धरला, कारण बोकडाच्या गळ्यावर पीएच.डी. केलेली दुसरी बाई त्यांना सापडली नाही. त्यांचे वाक्य येथेच दुरुस्त करते : गळ्यावर नव्हे, गळ्यातील एका ग्रंथीवर.

या ग्रंथीला जगभर थायमस म्हणतात. मराठी परिभाषेत तिचे नाव ‘यौवनलोपी ग्रंथी’. परिभाषाकोशातील नावे सहसा उच्चारायला अवघड आणि समजायला अशक्य असतात. हे नाव मात्र अक्षरशः खरे आहे. बालपणी ही ग्रंथी भरलेली असते, वयात येताच आटू लागते, आणि प्रौढपणी तिच्या जागी बरीचशी चरबी उरते. माणसात ती छातीच्या हाडामागे लपलेली असते. शेळीच्या करडात ती छातीतून निघून श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी जबड्याच्या दिशेने चढत जाते. फिकट गुलाबी, पेरापेरांची, आणि माझ्या दृष्टीने फार देखणी.

ती रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशींची शाळा आहे असे आम्ही व्याख्यानांत सांगतो. खरे तर कोणत्याही शाळेचा निकाल इतका वाईट लागला असता तर ती बंद करावी लागली असती. अस्थिमज्जेतून आलेली प्रत्येक कोवळी पेशी परके पकडून ओळखण्याचा एक आकडा, म्हणजे हूक, आपल्या अंगावर निव्वळ नशिबाने जुळवते. मग तिच्या दोन परीक्षा होतात. ग्रंथीच्या घडणीतील वडीलधाऱ्या पेशी स्वतःच्या शरीराचे नमुने पुढे धरतात. ते मुळीच पकडता आले नाहीत तर पेशी मरते. फार घट्ट पकडले तरीही मारली जाते, कारण उद्या ती आपल्याच शरीरावर उठेल. या दोन्हींतून निभावलेल्या मोजक्या पेशी बाहेर पडतात त्या कोऱ्याच. आपला शत्रू कधीतरी भेटेल या आशेवर त्या वर्षानुवर्षे रक्तात फिरत राहतात.

माझे काम या गुणवंतांवर नाही. त्याच ग्रंथीत आणखी एक जमात घडते, तिला ‘उपजतसदृश टी पेशी’ म्हणतात. त्यांतील माझ्या पेशींचे नाव मेट. त्यांचा आकडा जवळजवळ ठरलेला असतो : ब-२ जीवनसत्त्व तयार करणाऱ्या जंतूंचे अवशेष तेवढे त्या ओळखतात. त्यांची निवडही वडीलधाऱ्या पेशी करत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या, स्वतःची परीक्षा अजून व्हायची असलेल्या कोवळ्या पेशीच नमुना पुढे धरतात आणि निवड करतात. निवडलेल्या पेशीत एक विशिष्ट प्रथिन जागे होते आणि तिचा स्वभावच पालटतो. मग काही जणी पेशींच्या आत लपलेल्या जंतूंशी लढण्याचे काम उचलतात, काही आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या अस्तराशी पहारा देण्याचे. उंदरांत तर हे शिक्षण ग्रंथीतच पुरे होते. थोडक्यात, या पेशी प्रमाणपत्र घेऊन नव्हे, धंदा घेऊन बाहेर पडतात.

माझा प्रश्न असा होता : शेळीत ही भरती कोणत्या वयात सुरू होते? उंदरांत असे दिसले आहे की आतड्यातील जंतूंचे अवशेष ग्रंथीपर्यंत पोचल्यावाचून मेट पेशी नीट वाढत नाहीत. करडू आधी दुधावर असते. दूध तुटून ते पाला ओरबाडू लागले की आतड्यातली जंतूंची वस्ती बदलते. तेव्हा भरती त्याच सुमारास होत असणार, आणि धंद्यांची वाटणीही ग्रंथीतच होत असणार, असा माझा अंदाज होता. तो तपासायला तीन वयांच्या ग्रंथी हव्या होत्या : नवजात, चार महिन्यांची आणि प्रौढ. आमच्या नीतिसमितीची अट होती की संशोधनासाठी एकही जनावर मारायचे नाही. दुसऱ्या कारणाने मेलेले किंवा कापलेले असेल त्याचीच ग्रंथी घ्यायची. संस्थेने जव्हारला एक खोली, एक अपकेंद्रण यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज, एक सूक्ष्मदर्शक आणि एक बर्फाची पेटी दिली, आणि मी गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरले.

नवजात करडे एका ओळखीच्या पशुवैद्यांमुळे मिळाली. अडलेल्या शेळीचे पिल्लू दगावले की त्यांचा फोन येई. प्रौढ बोकडांसाठी मोखाड्याचा आठवडी बाजार होता आणि तेथे सलीमभाई खाटीक होते. सलीमभाईंचा माझ्या विज्ञानावर विश्वास होता, संस्थेवर नव्हता. एवढी शिकलेली मुलगी दर आठवड्याला जीपने येते आणि गळ्याची चरबी तेवढी मागून नेते, याचा अर्थ संस्था पगार देत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो उपलब्ध पुराव्याशी सुसंगत होता. ते माझी नजर चुकवून माझ्या निर्जंतुक डब्यात कलेजीचे दोन तुकडे सरकवत. पहिल्यांदा मी ते जव्हारला पोचल्यावर पाहिले आणि अख्खा नमुना टाकून दिला. पुढच्या बाजारी मी त्यांना निर्जंतुक या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कलेजी वेगळ्या पिशवीत बांधून दिली.

राहिले चार महिन्यांचे करडू. ते कोणीच कापत नाही. त्या वयाचे करडू म्हणजे निम्मे वाढलेले जनावर. आणखी काही महिने चारले की त्याची खरी किंमत येते, मग ते आज कोण मारील? मी वर्षभर विचारत फिरले. जामसरच्या एका शेतकऱ्याने मला स्पष्टच विचारले की ताई, तुम्ही भात फुलोऱ्यावर असताना कापता का.

त्या वेळी माझे सगळे भवितव्य या एका करडात अडकले होते. दोन वयांच्या आधारावर लिहिलेला माझा शोधनिबंध परीक्षकांनी परत पाठवला होता : मधल्या वयाचा निदान एक ताजा नमुना असल्याखेरीज अनुमान ग्राह्य नाही, आणि सुधारित निबंध हिवाळ्यापूर्वी हवा. परदेशातील एका प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली होती, पण निबंध स्वीकारला गेला तरच. शिवाय दुसऱ्या एका देशात एक गट हेच काम मेंढ्यांवर करत होता आणि त्यांच्याकडे मेंढ्या कोणत्याही वयात कापल्या जात. मी महत्त्वाकांक्षी आहे आणि ते मी लपवत नाही. त्या दिवसांत मला रस्त्यावरचे प्रत्येक करडू वयासह दिसे.

मार्ग सापडला तो जीपमध्ये. जव्हार-खोडाळा रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारा भास्कर माझी बर्फाची पेटी नेहमी स्वतःच्या पायाशी ठेवी आणि तिचे अर्धे तिकीट लावी. तो म्हणाला की बाजारात कशाला शोधता, आमच्या पाड्यावर वाघबारशीला वाघदेवाला करडूच देतात. वाघबारस म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राची वसुबारस. इकडे त्या दिवशी गुरे राखणाऱ्या देवाची पूजा असते. मी विचारले, मोठा बोकड का देत नाहीत. भास्करने सांगितले की देव कोवळ्यावर राजी आहे, आणि देव राजी असताना उगाच मोठा कोण देणार.

भास्करचा सागपाडा खोडाळ्याच्या पुढे आहे. तीसेक घरांचा, भात आणि नागलीवर जगणारा, आणि दिवाळीनंतर निम्मा कामासाठी बाहेर पडणारा. मी वाघबारशीच्या आधी तेथे गेले तेव्हा पूजा करणारे देवजी बाबा खळे सारवून घेत होते. मी त्यांना नम्रपणे सांगितले की मला मांस नको, कातडे नको. गळ्यातील एक निरुपयोगी गाठ तेवढी हवी. ते कामातून मान वर न करता म्हणाले की देवाच्या बोकडात निरुपयोगी काही नसते.

मग चारचौघे जमले आणि मला नियम समजावून देण्यात आला. मुंडके पूजा करणाऱ्याचे. बाकीच्या बोकडाचे, आतड्यांसकट, जितके उंबरे तितके सारखे वाटे. उंबरा नसलेल्याला वाटा नाही, मग तो तहसीलदार असो. आणि ज्याने वाटा घेतला तो उंबरा झाला : त्याने पाणवठ्याची वाट साफ करायची, देवाच्या मांडवाला लाकूड आणायचे, कोणी मेले तर खांदा द्यायचा, आणि बैठक बसली की बसायचे. नियम पूर्ण होता. त्यात फट शोधण्याचा मी प्रयत्न केला, कारण माझे शिक्षणच तसे झाले आहे, पण फट नव्हती.

बैठकीत चांगुणा मावशी होत्या. भास्करची चुलती. बोलताना त्या समोरच्याकडे पाहत नाहीत, हातातल्या कामाकडे पाहतात, आणि त्यामुळे त्यांचे बोलणे जास्त लागते. त्यांनी नागली पाखडता पाखडता विचारले, “लगीन नाय, घर नाय, चूल नाय, नि वाटा पायजे?”

मी म्हटले की उंबऱ्यासाठी लग्न लागते असे नियमात कोणी सांगितले नाही.

“बोलती बरी,” त्या सुपाला म्हणाल्या. “काय असतं गं त्या गाठीत?”

मी काडीने खळ्यावर ग्रंथी काढली. सारवलेल्या खळ्यावर काडी ओढल्याबद्दल देवजी बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले; परीक्षा, नापासांचे मरण, कोऱ्या पेशींचे वाट पाहत फिरणे, आणि मेट पेशींची सोबत्यांकडून होणारी निवड. परिषदांतून दिलेल्या माझ्या कोणत्याही व्याख्यानाला इतकी शांतता लाभलेली नाही. शेवटी मावशींनी सूप खाली ठेवले.

“म्हंजे माझा थोरला कोरा,” त्या म्हणाल्या. “डी.एड. पास झाला, भरती निघंल म्हणून वाट बघत फिरतो. नि धाकला तुझ्या त्या मेटवानी. त्याला कोणा मास्तरनं नाय निवडला. सेंट्रिंगच्या टोळीत एक माणूस कमी व्हता, सोबतीच घेऊन गेले.”

थोरला तेथेच बसलेला होता. तो म्हणाला की आई, परीक्षेत नापास झालेले मरतात हेही ताईंनी सांगितलं, तेवढं लक्षात ठेव. सगळे हसले, तोही हसला, आणि वातावरण माझ्या बाजूने झुकले. त्याच भरात एका म्हाताऱ्याने विचारले की म्हणजे ही गाठ चांगली असते का. मी उत्साहाने उत्तर दिले, “करडाच्या अंगातली सगळी राखण तिथंच शिकते.” वाक्य शास्त्रीयदृष्ट्या फारसे चूक नव्हते. पुढे जे झाले ते या वाक्यामुळे झाले.

निर्णय देवजी बाबांनी दिला नाही. ते म्हणाले की मी फक्त सुरा चालवतो, उंबरे काय म्हणतात ते बघा. मग घराघरांत बोलणे सुरू झाले आणि हरकत घेणारे कोणी उरेनासे होईपर्यंत चालले. चांगुणा मावशींनी आपल्या पडवीचा एक कोपरा माझा उंबरा म्हणून मोकळा केला. तेथे कोंबड्यांची एक डालगी होती, ती सरकवण्यात आली. अशा रीतीने, संस्थेने तीन वर्षांत जी कायम जागा दिली नाही ती सागपाड्याने एका दुपारी दिली.

वाघबारशीला प्रत्येक उंबऱ्याने एक भारा लाकूड आणि पसाभर तांदूळ आणायचे असतात. तांदूळ मी जव्हारहून नेले. लाकडाचे काय करावे ते सुचेना, म्हणून अपकेंद्रण यंत्र ज्या खोक्यातून आले होते त्याच्या फळ्या बांधून नेल्या. त्यांवर वरच्या दिशेचे बाण आणि नाजूक वस्तूची खूण म्हणून काचेचा पेला छापलेला होता. चूल लावणाऱ्यांनी बाण वरच येतील अशा बेताने त्या रचल्या. नवीन उंबरा म्हणून मला पाणवठ्यावरून दोन हंडे पाणी आणायचे होते; मी दीड आणले, आणि अर्ध्याचा हिशेब माझ्या कपड्यांवर सर्वांना दिसत होता.

पूजा झाली, बोकड पडला. देवजी बाबांनी मला गळा सोडवू दिला. मी हातमोजे चढवले, त्यावर बायकांनी काही शेरे मारले, ते येथे लिहीत नाही. आणि मग ती दिसली. पावसाळ्याच्या तोंडाला जन्मलेल्या, नुकत्याच पाल्यावर आलेल्या करडाची भरगच्च ग्रंथी. वर्षभर मी हिच्यासाठी फिरले होते. ती संपूर्ण सुटी करून मी सागाच्या पानावर ठेवली, आणि पान बर्फाच्या पेटीवर, कारण ऑक्टोबरच्या उन्हात या पेशी झपाट्याने मरतात. मी नळी उघडायला वळले, परत पाहिले तर देवजी बाबा सुऱ्याने ग्रंथीचे तुकडे करत होते.

मी विचारले की बाबा, हे काय करताय.

“वाटे.”

मी म्हटले की ही गाठ मला द्यायची ठरली होती.

“तुला वाटा द्यायचा ठरला व्हता,” त्यांनी सुधारले, आणि चिंचोक्याएवढा एक तुकडा वेगळा काढला. “हा काय तुझा वाटा.”

माझा आवाज चढला असावा. त्यांचा चढला नाही. “तूच म्हणालीस, सगळी राखण यात शिकते. मंग सगळ्या गावाची राखण एका घरात कशी द्यायची? बाकीच्यांच्या घरी पोरं नायत का?”

या युक्तिवादात दोष कोठे आहे ते मला आजही नीट सांगता येत नाही. परीक्षकांचे आक्षेप मी परिच्छेद पाडून परतवले आहेत. येथे आक्षेप माझ्याच वाक्यावर उभा होता. मेट पेशी फार विरळ असतात. अख्ख्या ग्रंथीतून मुश्किलीने पुरेशा मिळतात. चिंचोक्यातून मिळाल्या असत्या त्या कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाने हसण्यावारी नेल्या असत्या. प्रत्येक उंबऱ्याच्या पानावर, मांस, हाड, आतडे आणि कलेजी यांच्या शेजारी, माझ्या निबंधाचा एकेक तुकडा पडत होता आणि तापत होता.

मी घरोघर जाऊन मागायला निघाले तेव्हा चांगुणा मावशींनी हाताला धरून थांबवले. “मागू नको,” त्या म्हणाल्या. “वाटा मागितला तं लाज जाती. बदल. तुझ्या पानात काय हाय ते बघ.”

तोपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते की मलाही पूर्ण वाटा मिळाला आहे. वाट्यात मिळालेले बदलून घेण्याची रीत आहे : कोणाला हाड चोखायला आवडते, कोणाला दात नाहीत, कोणाकडे बाळंतीण असते. मी कलेजीचा तुकडा पुढे केला आणि पहिल्याच घरातून ग्रंथीचे तीन तुकडे मिळाले, त्या घराचा एक आणि त्यांनी शेजाऱ्यांकडून पटकन मिळवलेले दोन. मला वाटले की हे सोपे आहे. मी धावत पुढच्या घराकडे गेले. धावत गेले हीच चूक. चौथ्या घरापर्यंत बातमी पोचली होती की म्याडमला गाठ हवी आहे आणि घाई आहे. भाव चढला. मांसाच्या चांगल्या तुकड्याला दोन गाठी, मग एक. हाडाला कोणी विचारेना. एका घराने आपला तुकडा राखून ठेवला आणि सांगितले की आणखी थोडे थांबून बघतो. ज्या बाईने मला पहिले तीन तुकडे दिले होते ती परत आली आणि आपण फसलो असे म्हणाली.

काळू आजा हे पाड्यातले सर्वांत वयस्क. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. मी त्यांच्या अंगणात पोचले तेव्हा माझ्याकडे अजून थोडे मांस होते. त्यांनी ते पाहिले, नकारार्थी मान हलवली आणि निखाऱ्यावरून सागाच्या पानाची एक लहान पुडी काढली. आतला तुकडा त्यांनी तोंडात टाकला. मी जे काही बोलले ते त्यांना ऐकू आले नाही. मग मी विचारले की आजा, कशी लागली.

“नरम,” ते म्हणाले. “मीठ पायजे व्हतं.”

माझ्या शोधनिबंधाच्या कार्यपद्धती या विभागात एक वाक्य आहे : ‘नमुन्याचा काही भाग विश्लेषणासाठी उपलब्ध होऊ शकला नाही.’ तो भाग काळू आजांनी खाल्ला.

माझे पान रिकामे झाले तेव्हाही काही घरे शिल्लक होती. मग मी विज्ञानसाहित्यावर आले. बर्फाच्या दोन पिशव्या एका तापाच्या पोरासाठी गेल्या. हातमोज्यांचा अख्खा डबा चांगुणा मावशींनी मध्यस्थी करून बायकांत वाटला, कारण मिरच्या कुटताना हाताची आग होते. त्याबदल्यात राहिलेली बहुतेक घरे वळली. देवजी बाबांनी आपला तुकडा शेवटपर्यंत राखला आणि शेवटी काहीही न घेता दिला. मी कारण विचारले तर म्हणाले की तुझ्याकडं आता द्यायला काय उरलंय.

मिळालेले तुकडे थंड द्रावणात बुडवून मी जीपकडे निघाले. वाटा पूर्ण संपल्यामुळे मी सणाच्या दिवशी उपाशी होते, हे मावशींनी हेरले असावे. त्यांनी नागलीची भाकरी आणि रस्सा स्वतःच्या पानातून काढून माझ्यापुढे ठेवला आणि भास्करला हॉर्न बंद करायला सांगितले. मी जव्हारच्या खोलीवर पोचले, तुकडे चाळणीतून गाळले, रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. निळ्या थोड्याच होत्या.

पेशी निवडून मोजणाऱ्या मुंबईच्या यंत्रावर निकाल आला तो असा : माझा अंदाज निम्मा बरोबर होता. मेट पेशींची भरती खरोखरच पाल्यावर आलेल्या करडात सुरू झालेली दिसत होती. पण भरती झालेल्या बहुतेकींनी धंदा उचललेलाच नव्हता. धंदा या पेशी ग्रंथीबाहेर पडल्यावर, कामाच्या जागी शिकत असाव्यात. माणसांतही बहुतांशी असेच दिसते. उंदरावरून शेळीचे अनुमान मी घाईने काढले होते. निम्मा चुकलेला अंदाज प्रामाणिकपणे मांडला की परीक्षक फार खूश होतात, असा माझा अनुभव आहे. निबंध स्वीकारला गेला. लेखकांच्या नावांचा क्रम ठरवायला प्रयोगापेक्षा जास्त दिवस लागले.

मी हा निकाल पाड्यावर सांगितला तेव्हा चांगुणा मावशी म्हणाल्या की त्यात नवे ते काय, धाकट्याला टोळीने निवडला असला तरी सेंट्रिंग तो वसईला जाऊनच शिकला. थोरल्याने मात्र नोंद घेतली की कोऱ्या पेशीही वेळ आली की कामाला लागतात. त्याची वेळ अजून आलेली नाही. तो आता माझ्याकडून इंग्रजी लेख घेऊन जातो, आणि मी त्याला वाट पाहण्याखेरीज काय सुचवावे ते मला समजत नाही.

आणखी एक खंत आहे. यंदा होळीला पाड्यावर दुसरे एक करडू कापले गेले. मी दुसरा नमुना मिळेल म्हणून गेले, तर गाठ आधीच भाजून लहान मुलांना वाटून झाली होती. मी समजावले की भाजलेल्या पेशींतून कोणतीही राखण मिळत नाही. ते फक्त मांस आहे. आयांनी ऐकून घेतले. एक म्हणाली की तुम्ही इतक्या लांबून येऊन, कलेजी देऊन घेतलीत, ती काय उगाच. मी एका वाक्याने जे केले ते दहा व्याख्यानांनी पुसले जात नाही, याचे प्रात्यक्षिक मला दर भेटीत मिळते.

परदेशातली जागा मिळाली. हा अंक तुमच्या हाती पडेल तोपर्यंत मी तेथे असेन, म्हणजे यंदाच्या वाघबारशीला माझा उंबरा गैरहजर असणार. नियमाप्रमाणे ते बैठकीत सांगणे भाग होते. गेल्या आठवड्यात जाऊन आले. देवजी बाबांनी विचारले की किती दिवस. मी सांगितले, दोन वर्षे. मला वाटले होते की काही आश्चर्य वगैरे व्यक्त होईल. पण बाहेर कामाला गेलेल्या घरांचा नियम तयार होता, कारण दर वर्षी निम्मा पाडा वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातो : दार बंद असेल तर वाटा शेजाऱ्याने खायचा, आणि परत आल्यावर पाणवठ्याच्या वाटेचे राहिलेले काम त्या घराने भरून काढायचे. माझा शेजार म्हणजे चांगुणा मावशी. त्यांनी दोन वाट्यांची जबाबदारी कोणतीही कुरकुर न करता स्वीकारली.

एका घराने शंका काढली की ही आता मोठ्या जागी चालली, हिला इथला वाटा कशाला ठेवायचा. प्रश्न रास्त होता. मग मावशींनी, हातातल्या वालाच्या शेंगांकडे पाहत, मला विचारले, “तिकडं वाटे कोण करतं?”

मी म्हटले, प्रयोगशाळेचे प्रमुख.

“नि त्याचा सवताचा?”

“स्वतःचा ते आधी काढून घेतात. उरेल तो बाकीच्यांचा.”

शेंगा सोलायच्या थांबल्या. देवजी बाबांनी मावशींकडे पाहिले, मावशींनी शंका काढणाऱ्याकडे पाहिले, आणि त्याने मान हलवली.

“मंग हिचा इथला मोडू नका,” देवजी बाबा म्हणाले.